बाईकवरचा मोबाईल चार्जिंगचा पोर्ट सारखा बंद पडतो? नवा पोर्ट घेण्याआधी हे तपासा

मृग लागला की रविवारी सकाळी माझ्या दारात एक-दोन गाड्या येऊन उभ्या राहतातच. तक्रार ठरलेली: "दादा, चार्जिंग होईना झालंय, पोर्ट गेला वाटतं. नवीन घालूया काय?" मी धंद्यानं मेकॅनिक नव्हे. बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. मोटारी, पॅनेल, स्टार्टर हे माझं रोजचं काम, आणि गाड्यांचं हे येळ्ळुरात घरच्या कट्ट्यावर बसून चालतं. एवढ्या वर्षांत हाताखालून गेलेल्या गाड्यांपैकी खरोखर पोर्टच मेलेल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बाकी सगळीकडं पोर्ट ठणठणीत होता आणि दोष वायरीच्या दोन टोकांपैकी एकात होता. त्यातही अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या, टोकाला जास्त.

आधी लक्षणं. नुसतं "बंद पडलाय" म्हणून काही कळत नाही. कधी बंद पडतो ते सांगितलं तर अर्धं काम तिथंच होतं.

फोन सारखा टुंग-टुंग करतो, चार्जिंग लागतं-तुटतं, खड्ड्यात गाडी गेली की जास्तच. हे केबल, ढिला जॉइंट किंवा अर्थ यांपैकी एकाचं काम.

हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की बंद, सरळ केलं की चालू. मानेजवळ वायर ताणली जाते आहे, किंवा आतून तुटलेली आहे.

हॉर्न मारला की चार्जिंग तुटतं. पोर्टचा प्लस हॉर्नच्या वायरीतून घेतलाय. एकदा याच्या उलट बघितलं होतं, हॉर्न दाबला तरच फोन चार्ज व्हायचा! बसवणाऱ्यानं पोर्टच्या दोन्ही वायरी हॉर्नच्या दोन टोकांना लावल्या होत्या. त्या गाडीत हॉर्नचं बटण अर्थच्या बाजूला होतं, त्यामुळं बटण दाबेपर्यंत पोर्टला मायनस मिळतच नव्हता. गाडीवाला म्हणाला, "गावातून जाताना चार्ज होतोय, हायवेला नाही."

चार्जिंगची खूण दिसते, पण टक्के उतरतच जातात. यात बहुतेक वेळा बिघाड काही नसतो, हिशोब चुकलेला असतो. खाली येतो त्यावर.

पावसात बंद, दोन दिवस ऊन पडलं की आपोआप चालू. पाणी कुठंतरी शिरतंय आणि सुकतंय. असं दोन-तीनदा झालं की मात्र ते कायमचं बंद होतं.

फ्यूज उडतो, आणि पोर्टबरोबर हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट सगळंच जातं.

आणि शेवटचं, जे लोक पोर्टशी जोडतच नाहीत: गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ मारत नाही. बॅटरीला दोष देऊन नवी बॅटरी घालतात, महिन्याभरात पुन्हा तेच.

दोन गोष्टी बिघाड नव्हेत, त्या आधीच बाजूला काढतो. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर नऊ-दहापर्यंत खाली येतो, तेव्हा पोर्ट एकदा बंद होऊन चालू झाला तर ते साहजिक आहे. आणि एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी निपाणीच्या बाजूला हायवेनं निघालात, फोन हँडलवर उन्हात तापलाय, तर फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. सावलीत दहा मिनिटं ठेवून पुन्हा लावून बघा.

फुकटातली तपासणी

पहिलं काम केबल बदलून बघणं. घरच्या चार्जरवर चालते म्हणून केबल चांगली, असं समजू नका. घरी ती टेबलावर निपचित पडलेली असते, गाडीवर मिनिटाला शंभर हिसके खाते. फोनच्या टोकाशी वाकून आतली तार तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. शेजाऱ्याची आखूड, जाड केबल मागा आणि पंधरा मिनिटं फिरून या. मग फोनच्या चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारून बघा. खिशातला कापूस आत दाबून दाबून घट्ट बसलेला असतो. टूथपिकनं हलक्या हातानं काढा, सुई किंवा टाचणी घालू नका. दुसरा फोन लावून बघणं हीही एक तपासणीच आहे. दुसरा फोन नीट चार्ज होत असेल तर गाडीला हात लावायचं कारणच नाही.

आता टक्के उतरण्याचा हिशोब. साध्या पोर्टवर ५ व्होल्ट १ अँपिअर म्हणजे ५ वॅट मिळतात. नकाशा चालू, स्क्रीनचा उजेड पूर्ण, आणि कणकुंबीच्या पुढं चोर्ल्याच्या बाजूला रेंज गेली की फोन टॉवर शोधत बसतो तो वेगळाच. एवढ्यात ते ५ वॅट जागच्या जागी संपतात. २ अँपिअरचा पोर्ट असेल तर १० वॅट होतात आणि फोन तग धरतो. दोन भोकांच्या पोर्टवर छापलेला आकडा बऱ्याचदा दोन्ही भोकांचा मिळून असतो, तेव्हा दुसऱ्या भोकातलं काढून बघा. केबलचाही यात हात असतो. पोर्ट किंवा केबलमधल्या डेटाच्या तारा नीट जुळल्या नाहीत तर फोनला वाटतं आपण कॉम्प्युटरला लागलोय, आणि तो अर्ध्या अँपिअरच्या वर ओढतच नाही. घाटात जाताना नकाशा घरूनच उतरवून घ्या आणि उजेड कमी करा. मी स्वतः बरीच वर्षं एवढ्यावरच भागवलं.

पोर्टचं तोंड आणि फ्यूज

पोर्टचं रबरी झाकण जागेवर आहे का? तोंड आभाळाकडं आहे का? आपल्याकडचा पाऊस वरून तर येतोच, पण पुढच्या ट्रकच्या चाकामागून लाल चिखलाचा फवारा होऊन खालूनही येतो. वॉटर सर्व्हिसिंगचा पाइप त्याहून वाईट. पोर्टच्या आत हिरवट-पांढरी बुरशी चढल्यासारखं दिसलं तर ते तांबं गंजलेलं आहे. चावी बंद करून, जुन्या टूथब्रशवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घासा आणि अर्धा तास वाळू द्या. तोंड वर असेल तर पोर्ट फिरवून खाली किंवा आडवं करा. याला पैसा लागत नाही.

मग फ्यूज. पोर्टच्या वायरीला वेगळा फ्यूज असेल तर तो काढून उजेडात धरा, आतली पट्टी तुटलेली दिसते. दिसली नाही तरी नवा घालून बघा, कारण केसाएवढी भेग डोळ्यांना दिसत नाही. रंग लक्षात ठेवा: ३ अँपिअरचा जांभळा, ५ चा फिकट तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा. एका पोर्टला ३ चा पुरतो.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोठा फ्यूज घालू नका. हे मला दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं. फ्यूज पोर्टला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. गाडीची लहानशी ५ अँपिअर-तासाची बॅटरीसुद्धा शॉर्ट झाल्यावर क्षणात पन्नासच्या वर अँपिअर ओकू शकते, आणि बारीक वायर तेवढ्यात लालबुंद होते. ती वायर जाते कुठून? पेट्रोलच्या टाकीखालून. निपाणीच्या एका पाहुण्यानं उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. सीटखालचा प्लॅस्टिकचा डबा वितळून बॅटरीला चिकटल्यावर गाडी माझ्याकडं आली. फ्यूज सारखा उडतोय म्हणजे प्लस कुठंतरी सोलून चासीला लागतोय. तो कुठं लागतोय ते शोधायचं.

डोळे आणि बोटं

चावी चालू करा, फोन लावा, आणि वायर बोटांनी चाचपत पोर्टपासून बॅटरीपर्यंत जा. हळूच हलवा, दाबा, वाकवा. फोन टुंग वाजला की तिथं थांबा. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीनदा फिरवा. वायर मानेजवळ टाइट असेल तर झोल सोडा. तिथं केबल टाय आवळून बांधलेला असेल तर कापा, आणि वायर क्लचच्या केबलशेजारून सैल न्या.

इथं तीन गोष्टी हमखास सापडतात. एक, घरच्या वायरिंगची उरलेली एकेरी जाड तार. "तांब्याची आहे, चांगली आहे" म्हणून वापरलेली. भिंतीत ती चांगलीच, पण गाडीच्या थरथरीत ती दोन महिन्यांत सोललेल्या जागी मोडते. गाडीला बारीक बारीक तारांची लवचीक वायर लागते. पोर्टसाठी ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची पुरे. दोन, वायर न सोलता नुसती दाबून बसवायची ती निळी क्लिप. ती मूळ वायरीच्या चार तारा कापते आणि पाण्याला दार उघडून देते. तीन, पीळ मारून वर काळा टेप. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो, पावसात आत पाणी शिरतं. पीळ उघडून बघा, तार काळी पडलेली असेल.

आणखी एक आमच्याकडचं. खानापूरच्या बाजूला एका मामांची गाडी पडवीत भाताच्या पोत्यांशेजारी उभी असायची. दर दिवाळीनंतर वायरिंगचं दुखणं! टाकी उचलली तर खाली उंदरानं भाताची तुसं आणून घर केलेलं, आणि नेमकी नव्या पोर्टची वायर कुरतडलेली. गाडी पडवीबाहेर काढली, तेवढ्यानं थांबलं.

प्लस कुठून घेतलाय

इथून पुढं मल्टिमीटर लागतो. दोन-अडीचशेचाही चालतो.

सीट किंवा साइड पॅनेल काढून पोर्टचा प्लस कुठं जोडलाय ते शोधा. थेट बॅटरीला असेल तर आठवडाभर उभ्या गाडीचं दुखणं तिथलंच. फोन लावलेला नसला तरी पोर्टच्या आतलं सर्किट थोडा करंट खातच असतं, आणि निळा दिवा किंवा व्होल्टेजचे आकडे दिसणारा पोर्ट जास्तच. समजा तो २० मिलिअँपिअर खातो. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास झाला. बॅटरी ५ अँपिअर-तासाची असेल तर दहा दिवसांत कोरडी, आणि सेल्फ तर त्याच्या निम्म्यातच बंद. १०० सीसीच्या गाडीतली २.५ ची असेल तर विचारूच नका.

जुन्या, २०१७ च्या आधीच्या गाड्यांत वेगळाच सापळा आहे. त्या वर्षी एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू ठेवायची सक्ती झाली. त्याआधीच्या बऱ्याच लहान गाड्यांत हेडलाइट आणि टेललाइट बॅटरीवर चालत नसत, थेट मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालत. ओळखायची खूण सोपी आहे: अॅक्सिलरेटर पिळला की हेडलाइट प्रखर होतो, सोडला की मंद. अशा गाडीत हेडलाइटच्या वायरीतून पोर्ट जोडला तर पोर्ट लुकलुकतो आणि थोड्या दिवसांत जळतो. हे माहीत नसलेले तीन-तीन पोर्ट घालतात आणि "चायना माल" म्हणून शिव्या घालतात.

एका पोर्टसाठी चावीनंतरचा प्लस बरा. मागच्या ब्रेकच्या स्विचकडं येणारी वायर बघा: चावी बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर १२ च्या आसपास दाखवणारी हवी. १० वॅटचा पोर्ट १२ व्होल्टच्या बाजूनं जेमतेम एक अँपिअर ओढतो, तेवढं ती वायर सोसते. तिथून पुढं वीतभराच्या आत स्वतःचा ३ अँपिअरचा फ्यूज घाला.

फॉगलाइट मात्र तिथून घेऊ नका. तीस वॅटच्या दोन एलईडी म्हणजे ६० वॅट, पाच अँपिअर. चावीच्या आतले बारीक कॉन्टॅक्ट ते सोसत नाहीत. तिथं रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच, लागतोच. त्याच्या टोकांवर नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ वरून लाइट, ८५-८६ च्या एका टोकाला चावीनंतरची वायर स्विचमधून आणि दुसऱ्याला अर्थ. चावी फक्त रिलेला जागं करते, खरा भार बॅटरीवरून थेट जातो.

अर्थ

मी स्वतः हे उशिरा शिकलो. गाडी घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात दोन महिन्यांत तीन पोर्ट घातले होते. एकदा कोल्हापूरला जाताना संकेश्वरात हायवेकडेच्या एका गॅरेजात थांबलो. म्हाताऱ्या मिस्त्रींनी टेस्ट लॅम्प लावला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अर्थ इल्लरी." कन्नडात "अर्थ इल्ल" म्हणजे "काही अर्थ नाही". मला वाटलं, दुरुस्त करण्यात अर्थ नाही म्हणतायत. "मग नवीन घालू काय मामा?" म्हणून विचारलं. ते हसले, माझ्या पोर्टची काळी वायर धरून ओढली आणि दाखवली. ती हँडलच्या क्लॅम्पच्या बोल्टखाली दाबलेली होती. बोल्टखाली रंग, क्लॅम्पखाली रबर, आणि हँडलपासून चासीपर्यंत मधे मानेच्या बेअरिंगचं ग्रीस. करंटनं परत जायचं कुठून? त्यांनी वायर लांबवून टाकीखाली कंपनीची अर्थ जिथं बसवलेली होती त्याच बोल्टला नेली, आधी तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून धातू चमकवला. वीस रुपये घेतले. त्या पोर्टला नंतर काही झालं नाही.

मीटरवर हे असं दिसतं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. फोन न लावता पोर्टच्या मागच्या लाल-काळ्या वायरींवर मोजा, १२.६ दाखवेल. सगळं छान, असं वाटून माणूस फसतो. नळ बंद असताना पाइपात पालापाचोळा अडकलेला असला तरी दाब पूर्णच दिसतो. तोटी सोडली की कळतं. म्हणून फोन लावून, चार्जिंग चालू असतानाच मोजायचं. चांगल्या वायरिंगमध्ये बॅटरीवरचा आकडा आणि पोर्टवरचा आकडा यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी फरक असतो. आता चोर कुठल्या बाजूला आहे ते बघा. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला आणि लाल टोक पोर्टच्या काळ्या वायरीला लावा, चार्जिंग चालूच ठेवा. ०.१ च्या आसपास आलं तर अर्थ चांगला. एक-दोन व्होल्ट आले तर अर्थ खराब, प्लसकडं बघायचीही गरज नाही. प्लसचंही असंच, बॅटरीचा प्लस आणि पोर्टची लाल वायर.

आणि तो टुंग-टुंग आवाज येतो कशानं? पोर्टमधलं सर्किट १२ चे ५ व्होल्ट करतं, आणि फोनला लागतात तेवढे वॅट काहीही करून पुरवायला बघतं. वाटेत गंज असला की व्होल्टेज पडतो, मग तेवढेच वॅट द्यायला ते जास्त अँपिअर ओढतं. जास्त ओढलं की गंजात आणखी व्होल्टेज पडतो, आणि शेवटी ते गुदमरून बंद होतं. बंद झालं की भार गेला, व्होल्टेज पुन्हा १२ वर, पुन्हा चालू. एका गाडीत मी मीटरवर १२.५ वरून ८ च्या खाली आणि परत, असा आकडा नाचताना बघितलाय. पोर्ट बदलला की नवा पोर्टही तेच करतो.

उपाय एवढाच: पोर्टची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला, किंवा कंपनीच्या अर्थच्या बोल्टला. टोकाला गोल लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवा, खाली धातू घासून काढा, बोल्ट आवळल्यावर वरून थोडं ग्रीस लावा म्हणजे पाणी लागणार नाही. ग्रीस आधी लावू नका.

बॅटरी, चार्जिंग आणि चोर करंट

इथवर काही सापडलं नाही तर दोष पोर्टपलीकडं आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ च्या आसपास हवं. १२.४ ला ओढाताण सुरू होते, १२ म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू करून थोडं रेस करा: साडेतेरा ते साडेचौदा यायला हवं. रेस करूनही १३ च्या खाली राहिलं तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायर (मॅग्नेटोचा करंट बॅटरीजोगा करणारा भाग) बिघडलाय; अशा वेळी पोर्ट, एलईडी आणि बॅटरी तिन्ही जातात. नुसतं आयडलिंगला १३ च्या जरा खाली असेल तर घाबरू नका, लहान गाड्यांत मॅग्नेटो तेवढंच देतो.

चोर करंट, म्हणजे चावी बंद असतानाही गुपचूप जाणारा, मोजायचा तर चावी बंद, बॅटरीची मायनसची वायर सोडवा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून ती वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्या मधे धरा. साध्या गाडीत एक-दोन मिलिअँपिअरच्या आत हवं, म्हणजे स्वस्तातल्या मीटरच्या या सॉकेटवर शून्यच दिसेल. ट्रॅकर किंवा अलार्म असेल तर जास्त येईल. जास्त आलं तर पोर्टचा फ्यूज काढा. आकडा खाली आला की चोर सापडला. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नका आणि सेल्फ तर अजिबात मारू नका. मीटरचा फ्यूज उडतो, स्वस्तातल्या मीटरला फ्यूज नसेल तर मीटरच जातो.

बॅटरी सोडवताना आधी मायनस काढायचा, लावताना शेवटी लावायचा. कारण साधं आहे. मायनस लागलेला असताना प्लसच्या बोल्टवरचा पाना चासीला टेकला की ठिणगी उडते आणि पाना तिथंच चिकटतो. फाउंड्रीतल्या माझ्या एका जोडीदाराच्या अंगठीचा असा डाग बोटावर अजून आहे. अंगठी, कडं काढूनच हात घाला.

पुन्हा वायर ओढायची झाली तर

जुना जॉइंट पुन्हा पुन्हा डागडुजी करण्यापेक्षा नवी वायर ओढणं सोपं. जॉइंट कमीत कमी करा. दाबून बसवलेला लग सोल्डरपेक्षा बरा, कारण सोल्डर जिथं संपतं तिथं वायर ताठ होते आणि थरथरीत तिथंच तुटते. वर गरम करून आवळणारी स्लीव्ह घाला. लायटर असेल तर टाकीपासून लांब. वायर एक्झॉस्ट आणि इंजिनच्या डोक्यापासून चार बोटं दूर ठेवा. पोर्टजवळ येताना वायरीला खाली एक झोल द्या आणि मग वर न्या. पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळून जातं, पोर्टमध्ये चढत नाही. शनिवार खुटाच्या आसपास असा सगळा माल एका फेरीत मिळतो. फक्त पाण्यापासून बचाव असलेला फ्यूजहोल्डर मागून घ्या, साधा काचेच्या फ्यूजचा घेऊ नका.

इथं थांबा

पोर्ट पूर्ण सोडवून ठेवला, तरी मूळ फ्यूज उडतोय. मग शॉर्ट गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये आहे. ते ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम, आपलं नव्हे.

वायरिंगच्या मोठ्या जुडग्यात एकही वायर वितळलेली किंवा एकमेकींना चिकटलेली दिसली, पेट्रोलचा वास येतोय, बॅटरी फुगलीय. मायनस काढा, गाडी ढकलत न्या.

चार्जिंग १५ च्या वर किंवा रेस करूनही १३ च्या खाली. रेक्टिफायर की मॅग्नेटोची कॉइल, हे अंदाजानं बदलत बसणं महागात पडतं.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. पोर्ट बसवल्यानंतर गाडीच्या मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा किंवा एबीएसचा दिवा लागून राहिला तर तिथंच हात आखडता घ्या. त्या गाड्यांत सेन्सरच्या वायरी बारीक असतात आणि चुकीच्या वायरीत क्लिप टोचली की कंट्रोल युनिटपर्यंत नुकसान जातं. पोर्टच्या चारशे रुपयांसाठी ते परवडणारं नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर न कापता जुळणारा कपलर शोरूममध्ये मागा. आणि इलेक्ट्रिक स्कूटरला यातलं काहीच लागू नाही. तिथं बॅटरी साधारण ४८ ते ७२ व्होल्टची असते. ती उघडूच नका.

इलेक्ट्रिशियनकडं गेलात तर "चार्जिंग होत नाही" एवढंच सांगू नका. फोन लावून बॅटरीवर किती, पोर्टवर किती, अर्थवर किती, रेस केल्यावर किती, हे चार आकडे चिठ्ठीवर लिहून द्या. त्यांचा तास वाचतो आणि तुमचे पैसे. मी सीटखाली कागद चिकटवतो: पोर्टचा प्लस कुठल्या रंगाच्या वायरीतून घेतला, फ्यूज किती अँपिअरचा, कुठं लपवलाय, अर्थ कुठल्या बोल्टला. वरून सेलोटेप. शेजारी जांभळे दोन फ्यूज पिशवीत बांधून ठेवलेले असतात.